झाडूच्या कमाईचे घर



"ताई, आम्ही घर बघतोय. लहानच आहे. काय काय पाहावं?" असे विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. आजवर मी चार ओळींचे उत्तर देऊन मोकळी होत असे. पण गेल्या वर्षी आमच्याच घरात हा प्रसंग आला आणि चार ओळींत सांगण्यासारखा हा विषय नाही हे कळून चुकले. म्हणून आज सगळे सविस्तर सांगते. नावे सांगत नाही. घरची माणसे आहेत, आणि तशी गोष्ट तुमच्याही घरातली आहे.

माझी थोरली वहिनी ३१ वर्षे पालिकेत सफाई कामगार होती. माझा भाऊ तरुणपणीच गेला. पहाटे साडेचारला उठायचे, चूल-पाणी करून झाडू घेऊन हजेरीला जायचे, आणि दुपारी परत आल्यावर दोन मुलांचा अभ्यास घ्यायचा. स्वतःला अक्षर येत नसले तरी पोरांच्या पुढ्यात पुस्तक उघडे आहे ना, हे ती बघत बसायची. सगळा संसार कामगार वसाहतीतल्या दीडशे फुटांच्या खोलीत झाला.

ती निवृत्त व्हायच्या दोन वर्षे आधीपासून वसाहतीतले लोक तिला एकच गोष्ट सांगत होते. "पोराला वारसा हक्कानं लावून टाक. लाड-पागेची सोय आहे. नोकरी पण राहील, खोली पण राहील." भाचा तेव्हा परळच्या एका दवाखान्यात लॅब असिस्टंट होता. पगार पालिकेपेक्षा कमी. वहिनीने सर्वांना एकच उत्तर दिले. "खोली जाऊ दे. झाडू माझ्यापाशीच संपला पाहिजे."

बोलायला हे वाक्य लहान आहे. पण त्याची किंमत मोठी होती. निवृत्तीनंतर खोली खाली करण्याचे पत्र आले. फंड आणि ग्रॅच्युइटीतून पतपेढीचे कर्ज फिटले, मुलीच्या लग्नाची उसनवारी फिटली आणि हातात राहिले ६ लाख रुपये. भाचा आणि सून यांची शिल्लक सव्वातीन लाख. सून एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. दोघांचे मिळून महिन्याला ४० हजार. एवढ्यात मुंबईच्या आसपास घर शोधायचे होते.

सोळा लाखांचे आमिष

पहिले घर एका एजंटाने दाखवले. मध्य रेल्वेवरच्या एका स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटे. दोन इमारतींच्या मध्ये हात घालायला जागा नाही अशा गल्लीत सात मजल्यांची कोरी करकरीत इमारत. साडेतीनशे फूट, टाइल्स, रंगीत बेसिन, आणि किंमत १६ लाख! आजूबाजूच्या भावापेक्षा चांगली सहा-सात लाखांनी कमी.

सुनेने मला फोन केला. "आत्याबाई, तुम्ही एकदा याल का? आईंना फार आवडलंय. आज दोन लाख टोकन द्यायचं म्हणतात."

मी गेले. मला जावेच लागले, कारण मी स्वतः एकदा पोळलेली आहे. १९९६ साली मी आणि आमच्या घरच्यांनी स्टॅम्प पेपरवर एक खोली घेतली होती. ८५ हजार रुपये रोख मोजले. त्यात माझे मंगळसूत्रही गेले. चार महिन्यांनी कळले की तीच खोली आणखी एका माणसाला त्याच शाईने लिहून दिली आहे. तो माणूसही आमच्यासारखाच गरीब. आम्ही दोघे एकमेकांशी भांडत बसलो आणि विकणारा गाव सोडून गेला. ते पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून त्या एजंटाला मी पहिला प्रश्न विचारला, "भोगवटा प्रमाणपत्र आहे का?" ज्याला सगळे ओसी म्हणतात ते. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे आणि राहायला योग्य आहे, असे पालिका ज्या कागदावर लिहून देते तो हा कागद.

"होऊन जाईल मॅडम, फाईल टेबलावर आहे."

"रजिस्ट्रेशन?"

"नोटरी करून देतो ना. मुद्रांकाचे पैसे वाचतील तुमचे. सगळे असंच घेतात इकडे."

इथेच आमचे उत्तर ठरायला हवे होते. नोटरीच्या कागदाने किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्राने घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. घर तुमचे होते ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी झालेल्या करारानेच. मुद्रांकाचे पैसे वाचवतो म्हणणारा माणूस तुमची मालकीच वाचवून स्वतःपाशी ठेवत असतो!

पण भाचा म्हणाला, "आत्या, महारेराचा नंबर आहे बोर्डावर. मोबाईलवर दिसतोय पण." आणि खरेच दिसत होता. रेरा हा २०१६ चा कायदा, आणि महाराष्ट्रात महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू झाले. नव्या बांधकामाची नोंदणी तिथे असल्याशिवाय बिल्डरला घरे विकता येत नाहीत. सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठ घरांपर्यंतच्या इमारतीला. कायदा चांगला आहे. गरिबाच्या फार उपयोगाचा आहे. पण नंबर दिसला म्हणजे सगळे झाले असे नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेची बनावट परवानगीपत्रे दाखवून रेराचे नंबर मिळवले होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला. त्यातल्या कुटुंबांनी बँकेचे कर्ज काढून, हप्ते भरून घरे घेतली होती. त्यांचा दोष एवढाच की कागद खरा आहे की खोटा हे पालिकेत जाऊन कोणी पाहिले नव्हते.

मी भाच्याला म्हणाले, "बाळा, एक दिवसाची रजा टाक आणि पालिकेच्या नगररचना विभागात जा. त्या परवानगीपत्राचा जावक क्रमांक दाखव आणि ही फाईल तुमच्याकडे आहे का एवढंच विचार."

त्याला दोन रजा पडल्या. तिकडे एजंटाचा रोज फोन. "दुसरी पार्टी तयार आहे, उद्या घर जाईल." इकडे वसाहतीतली खोली सोडायची तारीख जवळ येत होती. वहिनी माझ्यावर रागावली. "वन्सं, तुमच्या शंकेपायी हातचं घर जाईल माझं." मला वाईट वाटले, पण मी गप्प बसले. तिसऱ्या आठवड्यात भाचा येऊन खाली बसला. त्या क्रमांकाची परवानगी पालिकेने दिलेलीच नव्हती.

वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन लाख म्हणजे माझा किती वर्षांचा झाडू गं?" कोणीच हिशेब केला नाही.

भगिनींनो, अशी इमारत स्वस्त का मिळते ते समजून घ्या. तिथे परवानगीचा खर्च नाही, लोखंड-सिमेंटवर देखरेख नाही, आणि पाडायची वेळ आली तर बिल्डरचे काही जात नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली अशीच बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात ४१ बेकायदा इमारती पाडल्या आणि शेकडो संसार रस्त्यावर आले. राहणारी सगळी हातावर पोट असणारी माणसे. सहा लाख वाचवायला गेले आणि सगळेच गमावून बसले.

"तुमचं आडनाव?"

दुसरे घर जुन्या, पण नीटनेटक्या सोसायटीत होते. कागद सगळे चोख. मालकाने चहा दिला, भाव ठरत आला. मग सेक्रेटरी भेटायला आले. नोकरी विचारली, माणसे किती विचारले. मग म्हणाले, "तुमचं आडनाव?" भाच्याने सांगितले. "म्हणजे तुम्ही नेमके...?"

सून म्हणाली, "आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा. नाही, तसं काही नाही. आमच्याकडे बरेचसे शाकाहारी आहेत, म्हणून विचारलं."

संध्याकाळी मालकाचा फोन आला की त्यांचा भाऊच घर घेणार आहे. पुढचा महिनाभर त्या घराची पाटी दलालाच्या फळ्यावर तशीच होती.

वहिनी एवढेच म्हणाली, "आम्ही एकतीस वर्षं उचललं ते शाकाहारीच होतं का मांसाहारी, कोणी विचारलं नाही."

१९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या विश्रामगृहात उतरले आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शंभराहून जास्त वर्षे झाली. आता काठ्या नाहीत, चहा देतात. पण प्रश्न तोच आहे.

वसाहतीतल्या एका शहाण्याने सल्ला दिला, "आडनाव जरा फिरवून सांगा, नाहीतर गावाचं नाव लावा." सून म्हणाली, "नाव लपवून आत शिरलो तर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो कसा लावणार? का तो पण कपाटात ठेवू?" मला त्या पोरीचे फार कौतुक वाटले.

कायद्याची बाजू सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या २३ व्या कलमाप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सोसायटीला सभासदत्व नाकारता येत नाही. नोंदणी झालेला करार तुमच्या हातात असेल आणि सोसायटी अडवत असेल, तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि उपनिबंधकाकडे दाद मागा. चारचौघांत जातीवरून अपमान केला तर त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण मालकानेच विक्रीआधी गोड बोलून माघार घेतली, तर ते जातीमुळे घेतली हे सिद्ध करणे फार अवघड जाते, हेही खरे आहे. म्हणून अशा ठिकाणी दिलेले टोकन चेकने दिलेले असावे आणि त्याची पावती असावी. निदान पैसा तरी अडकत नाही.

चटई म्हणजे किती?

तिसरे घर कल्याण पूर्वेला मिळाले. कोळसेवाडीच्या बाजूला, दाट वस्तीत. खाली भाजीवाले, पिठाची गिरणी, क्लासच्या पाट्या. पंचवीस वर्षांची इमारत, लिफ्ट नाही. दोन घरे विकायला होती. चौथ्या मजल्यावरचे दीड लाखाने स्वस्त होते. भाचा तिकडे वळत होता. सुनेने वहिनीच्या गुडघ्यांकडे बघितले आणि म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरचंच घेऊ." विकणारे एक निवृत्त रेल्वे कामगार होते. त्यांना गावी परतायचे होते.

एक खोली आणि स्वयंपाकघर. जाहिरातीत ४२० फूट. भाच्याने टेप आणून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजले तर चटईक्षेत्र भरले २८० फूट. बाकीचे १४० फूट जिना, भिंती आणि बोळ यांचे. किंमत २२ लाख. ४२० ने भागले तर फुटाला सव्वापाच हजारांच्या आसपास भाव दिसतो, २८० ने भागले तर पावणेआठ हजारांच्या पुढे जातो. दोन घरांची तुलना करताना नेहमी चटईक्षेत्रावरच भागाकार करा. रेरा कायद्यातही नवे घर चटईक्षेत्रावरच विकायचे बंधन आहे. "सुपर बिल्टअप" या शब्दावर कोणाला झोपता येत नाही.

वहिनी आणि सून ते घर तीन वेळा बघून आल्या. एकदा सकाळी, एकदा रात्री दहाला, एकदा भर पावसात. सकाळी पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते ते जिन्यातल्या बायकांना विचारले. रात्री गल्लीत दिवे आहेत का, सुनेला सेकंड शिफ्टवरून एकटीला येता येईल का, ते पाहिले. पावसात भिंतीला ओल येते का ते हात लावून पाहिले. कोणीतरी म्हणाले की दार दक्षिणेला आहे, वास्तू बघून घ्या. वहिनी म्हणाली, "दार कुठंही असू दे, खिडकीतून वारा येतोय ना?" वारा येत होता.

कागद आणि आकडे

वकील लावला. वकिलाचे पैसे वाचवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्याने निबंधक कार्यालयातून मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक विक्रीचा नोंदणी झालेला करार आणि सूची क्रमांक दोन पाहिली. साखळीतली एकही कडी तुटलेली नको. भोगवटा प्रमाणपत्र पाहिले. सोसायटीचा नोंदणी क्रमांक, भाग दाखल्यावरचे नाव, मेंटेनन्सची थकबाकी, घरपट्टी, विजेचे बिल पाहिले. घरावर आधीच्या मालकाचे कर्ज नाही ना, हेही विचारले. असते तर मूळ कागद बँकेत अडकलेले असते. तीस वर्षांपुढची इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवालही मागा.

आता पैशांचे. घर २२ लाखांचे म्हणजे २२ लाखांत भागते असे नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली, वकील, बँकेचा खर्च आणि सोसायटीचे हस्तांतर शुल्क हे सगळे वेगळे. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का असते, पण ३० हजारांच्या वर जात नाही. महापालिका क्षेत्रातल्या सोसायटीला हस्तांतर अधिमूल्य २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. "डोनेशन" म्हणून जास्त मागितले तर पावती मागा, मागणी आपोआप कमी होते. आमचा वरचा खर्च सव्वादोन लाखांवर गेला. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण अशा घराच्या किमतीत मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च धरत नाही. तो हातातून घालावा लागतो. कित्येकांचे गणित इथेच चुकते आणि मग सावकाराचे दार उघडते.

कर्ज घेतले १५ लाख. व्याज ९ टक्के धरले तर २० वर्षांच्या मुदतीला महिना १३,४९६ रुपये हप्ता बसतो आणि एकूण ३२ लाख ३९ हजार भरावे लागतात. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १५,२१४ आणि एकूण २७ लाख ३८ हजार. महिन्याला १,७१८ रुपये जास्त, आणि शेवटी वाचतात ५ लाख! भाचा म्हणाला १५ वर्षेच घेऊ. सून म्हणाली, "कारखाना कधी बंद होईल सांगता येत नाही." शेवटी कर्ज २० वर्षांचे घेतले आणि ते सतराशे रुपये दर महिन्याला वरून भरायचे ठरवले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात असे आगाऊ भरले तर बँकेला दंड लावता येत नाही. बरे दिवस आहेत तोवर भरा, अडचण आली तर थांबवा. हप्ता दोघांच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ राहिला. त्याच्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात कर्जमुक्त असणे हे एक सुख सांगितले आहे. घरासाठी कर्ज काढावे लागते, त्याला इलाज नाही. पण ते सुख जितके लवकर परत आणता येईल तितके आणावे.

घर कोणाच्या नावावर?

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. वकिलाने सांगितले की घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. आमचे २२ हजार वाचत होते. नवऱ्याचे नाव सोबत घातले की सवलत जाते.

भाच्याचा चेहरा उतरला. "म्हणजे हप्ते मी भरायचे आणि माझं नाव कुठेच नाही?"

आणि वहिनीच्याही मनात होतेच. तिने मला बाजूला घेऊन विचारले, "वन्सं, सहा लाख माझे. सगळं सुनेच्या नावावर केलं आणि उद्या दोघांचं बिनसलं, तर मी कुठं जाऊ? वसाहतीतली खोली तर गेली."

हा प्रश्न विचारणे म्हणजे सुनेवर अविश्वास नव्हे. आयुष्यभराची कमाई देणाऱ्या बाईने तो विचारलाच पाहिजे. मी तो सर्वांसमोर मांडला. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. मग सुनेनेच तोड काढली. "आई आणि मी, दोघींच्या नावावर घेऊ." दोन्ही बायकाच असल्यामुळे सवलत राहिली. बँकेने भाच्याला कर्जात सहकर्जदार म्हणून घेतले. कोणाचा किती वाटा ते करारातच लिहून ठेवले.

भाचा शेवटी हसून म्हणाला, "म्हणजे मी दोघींचा भाडेकरू."

वहिनी म्हणाली, "तुझा बाप गेला तेव्हा खोली माझ्या नोकरीवर होती म्हणून तू रस्त्यावर आला नाहीस. बाईच्या नावावर छप्पर असलं तर पोरं उघडी पडत नाहीत."

स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते अडवले गेले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपण हे दर १४ एप्रिलला ऐकतो. आमच्या घरात ते दुय्यम निबंधकाच्या टेबलावर दोन अंगठ्यांच्या ठशांनी उमटले. वहिनीने मात्र अंगठ्याबरोबर सहीसुद्धा केली. पन्नाशीनंतर ती सही करायला सुनेकडून शिकली आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही वकिलाने समजावले. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, पण वारसांचा हक्क त्याने संपत नाही. म्हणून वहिनीने साधे मृत्युपत्र करून आपल्या वाट्यात मुलगी आणि मुलगा दोघांनाही घातले. लग्न करून दिलेली लेक विसरायची नसते.

गृहप्रवेश

पंधरा माणसे बोलावली. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झाले, खीर झाली. मंडप नाही, बँड नाही. कोणी कुजबुजले की एवढे घर घेतले आणि जेवणही नाही! भाचा म्हणाला, "पहिला हप्ता भरून झाला की चहा पाजतो." भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब दाराच्या समोरच लावले, दार उघडताच दिसतील असे.

दुसऱ्या दिवशी वहिनीला सवयीने साडेचारलाच जाग आली. हजेरी नव्हती. सुनेने उठून पाहिले तर ती अंधारात खिडकीशी बसलेली होती. "आई, झोप नाही लागत का?" ती म्हणाली, "पाणी साडेपाचला येतं म्हणाल्या होत्या त्या. येतं का बघते." पाणी आले. दोघींनी मिळून भरले.

घर घ्यायला निघालेल्यांनी एवढे कात्रण जपून ठेवावे :

१) भोगवटा प्रमाणपत्र नाही, तर घर नाही. नवे बांधकाम असेल तर महारेराचा क्रमांक पाहा आणि परवानगी पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा.

२) नव्या घरासाठी बिल्डरला करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. जे द्याल ते चेकने द्या आणि पावती घ्या.

३) नोटरी, कुलमुखत्यारपत्र, शंभराचा स्टॅम्प पेपर यांवर घर घेऊ नका. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर मिळाल्यापासून ठरावीक वर्षे विकता येत नाही. तसे कोणी "पॉवर"वर देत असेल तर लांब राहा. पागडीची खोली म्हणजे भाडेकरूचा हक्क, मालकी नव्हे.

४) म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. बौद्धांना ते आरक्षण लागू आहे. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद आधीच तयार ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ करून ते मिळत नाहीत.

५) घाई करणाऱ्या दलालाला एकच उत्तर द्या, "दुसरी पार्टी असेल तर त्यांना द्या."

तुमच्या घराच्या कागदांत काही अडले असेल, किंवा सोसायटीने आडनाव विचारून दार लावले असेल, तर या सदराकडे लिहून कळवा. नाव छापले जाणार नाही. जयभीम.